सुगुणम्मांकडची केळी

माझं नाव शांती आहे, आणि हा विनोद आईवडिलांच्या हातून अजाणता झालेला आहे. सौंसरला आमच्या गल्लीत मला 'आकाशवाणी' म्हणतात. पप्पांच्या मते मी फक्त झोपेत गप्प असते, आणि तेही रोज नाही. त्यामुळे आमच्या लुथरन मंडळीनं पदवीधर मुलामुलींना वर्षभराच्या सेवेसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं आणि त्यात माझं नाव पुढे गेलं, तेव्हा आई म्हणाली, "त्या परक्या लोकांनी आपलं काय वाकडं केलंय?"

परदेश म्हणजे टांझानिया. तिथल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायचं, वसतिगृहात राहायचं, सांगतील ते काम करायचं. पण त्याआधी बंगळूरला जाऊन तयारीचं शिबिर करायचं होतं. आम्ही पाच उमेदवार आणि जागा तीन. निवड शिबिराच्या शेवटच्या दिवशी होणार होती. मला जायचं होतं, आणि अगदी जिवापाड जायचं होतं. कुणाच्या तरी कामी यावं असं मनापासून वाटत होतं, आणि जग बघायची हावही होती, ती लपवत नाही. पप्पांना मात्र खात्री होती की मी बडबड करून निवड करणाऱ्यांचं डोकं उठवणार आणि संत्र्यांचा मोसम संपायच्या आत घरी परतणार.

आता परत आल्यापासून मंडळीतले सगळे विचारतात, बंगळूर कसं आहे गं? प्रत्येकाला सांगत बसले तर तिकडे जायचं राहून जाईल, म्हणून हे लिहिते आहे.

कँटोन्मेंटच्या बाजूला

गाडीतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की बरोबर नेलेल्या करंडीतली निम्मी संत्री वाटेत शेजाऱ्यांनी खाल्ली आणि उरलेली मी पोहोचल्या दिवशी शिबिरात वाटून टाकली. बंगळूरची हवा अशी की नोव्हेंबरात आपण दुपारी स्वेटर घालावा की नाही याचा विचार करत उभं राहतो. रस्त्यांवर एवढाली झाडं, आणि त्यांच्या सावलीत सगळं शहर कॉफी पीत असतं. दोन माणसं एक कॉफी मागवतात आणि दोन छोट्या पेल्यांत वाटून घेतात. तिला 'बाय-टू' म्हणतात. आपल्याकडे पाहुण्याला अर्धा कप चहा दिला तर तो घरी जाऊन बायकोला सांगेल.

शिबिर कँटोन्मेंटजवळच्या एका जुन्या आवारात होतं. आमचे प्रमुख देवसहायम पास्टर, मूळचे तमिळ, उंच आणि सावकाश बोलणारे. माझ्या खोलीत फिनलंडची मार्ता होती. आम्ही इथून बाहेर जाणार होतो, तर ती तिकडून आपल्याकडे आली होती. तीही लुथरन, तीही नुकतीच पदवी घेतलेली, आणि आवारातल्या बालवाडीत वर्षभर काम करणार होती. मार्ता दिवसाला साधारण दहा वाक्यं बोलायची, त्यांतली चार 'थँक यू' असायची. पहिल्या रात्री मी तिला सौंसर, संत्र्याच्या बागा, माझी बी.एस्सी. आणि आमच्या शेजारणीचं ऑपरेशन असं सगळं सांगितलं. सकाळी ती म्हणाली, "तुझी शेजारीण आता बरी आहे ना?" मला ती तिथेच आवडली.

कन्नडशी माझी ओळख रस्त्यावरच झाली. बसमध्ये सगळे एकमेकांना 'स्वल्प, स्वल्प' म्हणत, म्हणजे थोडं सरका. मला दर वेळी शाळेतला स्वल्पविराम आठवायचा. दुकानदार प्रत्येक गोष्टीला 'सरी' म्हणत, म्हणजे ठीक आहे. दिवसभर सरींवर सरी, आभाळ मात्र कोरडं ठणठणीत. काम झालं की 'आय्तु'. सगळं आयतं. माझी अशी पक्की समजूत झाली की ही भाषा म्हणजे आपलीच मराठी, जरा सर्दी झालेली.

त्या समजुतीचा पहिला दणका बसच्या आकड्यांनी दिला. बसवरचे आकडेसुद्धा कन्नडमध्ये असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आणि मार्ता शिवाजीनगरला म्हणून निघालो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला बनशंकरीला जाऊन पोहोचलो. मी कंडक्टरशी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत भांडले. मार्ता खाली उतरली, समोरच्या हॉटेलात गेली आणि बोटानं दाखवून दोन मुद्दे मागवले. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. तो आमटीत बुडवून चावायचा नसतो, नुसता गिळायचा असतो. मी चावला. तो दातांना, टाळूला, जिभेला असा चिकटला की मला बराच वेळ तोंड उघडता येईना. मार्ता हसतेय हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

हार घातलेली खिडकी

शिबिरात भाषणं, प्रार्थना, आरोग्याचे धडे असं सगळं होतं, पण खरी परीक्षा वेगळीच होती. पास्टरांनी प्रत्येकाला एक घर नेमून दिलं. रोज दुपारी त्या घरी जायचं आणि तासभर बसायचं. नियम असा, की त्या घरात इंग्रजी नाही, हिंदी नाही, दुभाषी नाही, शब्दकोश नाही.

"टांझानियातले तुमचे पहिले महिने असेच जाणार आहेत," पास्टर म्हणाले. "शेवटच्या दिवशी मी त्या घरच्या माणसाला एकच गोष्ट विचारणार. ही व्यक्ती पुन्हा घरी आलेली चालेल का? बस."

माझ्या वाट्याला सुगुणम्मा आल्या. बाकीच्या चौघांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझ्याच अंत्यविधीला आल्यासारखं वाटलं. सुगुणम्मा म्हणजे मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या बाई. पूर्वी शाळेत गाणं शिकवायच्या. काही वर्षांपासून त्यांनी उपासनेला येणं सोडलं होतं. आधीच्या शिबिरांतल्या दोघांना त्यांनी दोन-चार दिवसांतच 'पुन्हा येऊ नका' म्हणून परत पाठवलं होतं, आणि त्या दोघांनाही परदेश दिसला नव्हता.

त्यांचं घर शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत होतं. लाल फरशी, वेताच्या दोन खुर्च्या, आणि खिडकीला बाहेरून जाईच्या वेलाचा हार घातल्यासारखा दिसे. सुगुणम्मा ठेंगण्या, पांढरीशुभ्र साडी, पाठीचा कणा छडीसारखा ताठ. त्यांनी मला बसवलं. मी मराठीत बोलले, हावभाव केले, सौंसर किती लांब आहे ते हात पसरून दाखवलं. त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग कोपऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "केळी."

कोपऱ्यात क्रोशाच्या रुमालानं झाकलेली एक पेटीसारखी वस्तू होती आणि तिच्यावर काचेचा रिकामा वाडगा. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं, पुन्हा म्हणाल्या, "केळी."

मी ओशाळले. आपण कुणाकडे पहिल्यांदा जाताना रिकाम्या हातानं जातो का? फळांचा वाडगा रिकामा आहे आणि बाई स्वच्छ मराठीत केळी म्हणतायत. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गाडीवरून एक डझन घेतली, छोटी छोटी, वेलदोड्याच्या वासाची, आणि वाडगा भरून टाकला.

सुगुणम्मांनी केळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आश्चर्यानं म्हणाल्या, "बाळेहण्णु?"

मला भरून आलं. खोलीवर जाऊन मी मार्ताला सांगितलं, "दुसऱ्याच दिवशी त्या मला बाळे म्हणाल्या. आमच्या भाषेत बाळ म्हणजे लेकरू."

"छान," मार्ता म्हणाली. त्या दिवसाचं तिचं हे बहुतेक शेवटचं वाक्य होतं.

पण पुढच्या दिवशी वाडगा अर्धा भरलेला असतानाही सुगुणम्मांनी कोपऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "केळी." मी विचार केला, जात चुकली असेल. हिरवी लांब केळी नेली. "केळी." मग लाल सालीची नेली. "केळी," सुगुणम्मा म्हणाल्या, आणि या वेळी सुरात थोडा वैताग होता. शिबिराच्या स्वयंपाकघरात भाजीची कच्ची केळी दिसली, तर तसलीही नेली. शिबिरातल्या कन्नड स्वयंपाकिणीला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. केळी म्हणजे काय हे मराठी माणसानं दुसऱ्याला विचारायचं?

त्यांच्या घरात केळ्यांची रास वाढत गेली. सुगुणम्मा ती गल्लीत वाटत. मी आले की दारोदारीच्या बायका ओळखीचं हसत. एके दिवशी सुगुणम्मांनी माझ्यासमोर वाटी ठेवली. दूध, साखर, वेलदोडा आणि कुस्करलेली केळी.

"सीकरणे," त्या म्हणाल्या.

"शिकरण," मी ओरडलेच. "अहो, शिकरण! आमच्याकडे पण शिकरणच म्हणतात, पोळीबरोबर खातात, रविवारी करतात," आणि मग मी शिकरणावर मराठीत जवळजवळ प्रवचन दिलं. त्यांना त्यातलं 'शिकरण' तेवढं कळलं. पहिल्यांदा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मी ठरवून टाकलं की आपण अगदी योग्य रस्त्यावर आहोत, सगळी भानगड केळ्यांचीच आहे. आणि मी डझनाचे दोन डझन केले.

मारुती अण्णांचं दुकान

निरोपाच्या उपासनेत पांढरा पोशाख घालायचा होता. तो शिवायला टाकला मारुती अण्णांकडे. त्यांचं दुकान शिवाजीनगरात, केळ्यांच्या गाडीला लागूनच होतं. मी पहिल्या दिवशी मोडक्या हिंदीत मापं सांगत होते. ते आत वळून बायकोला म्हणाले, "बाही स्वल्प लांब ठेव म्हंतीय." आणि मी टेबलावर हात आपटला. परक्या गावात अचानक कुणी आपल्या भाषेत बोललं तर काय होतं ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल.

मारुती अण्णांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि इथेच राहिले. त्यांना महाराष्ट्र असा फारसा माहीत नाही, तुळजापूरला एकदा जाऊन आले आहेत तेवढंच. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्ही भाषा एकमेकींच्या घरात चप्पल न काढता जातात. एका रविवारी त्यांनी मला आणि मार्ताला राजाजीनगरला घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी भाकरी केली होती, ज्वारीची, आणि शेजारी बिसिबेळे भात, म्हणजे डाळ, भात, भाजी आणि मसाला एकत्र शिजवलेला. मार्ता डाव्या हातानं जेवायला लागली. अक्कांनी काही न बोलता तिचा उजवा हात धरला आणि भातात ठेवला. मार्तानं थँक यू म्हटलं. त्यांच्या देवघरात भवानी होती. मी ख्रिस्ती आहे हे कळल्यावर अक्का म्हणाल्या, "सरी, जेवताना तुमची प्रार्थना म्हणा, आमचं अन्न ऐकून घेईल."

दुसऱ्याच दिवशी मी दोन डझन केळी घेऊन दुकानावरून जात होते. अण्णांनी मशीन थांबवलं.

"काय मा, रोज रोज केळी? घरात माकड पाळलंय की काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सुगुणम्मा, रिकामा वाडगा, केळी केळी म्हणणं, मला बाळे म्हणणं. अण्णांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, बायकोकडे पाहिलं, आणि मग नवरा-बायको जे हसायला लागले ते थांबेनात. अक्का कापडाच्या ठाणावर डोकं ठेवून हसल्या.

"अय्यो, शांतीम्मा," अण्णा डोळे पुसत म्हणाले, "केळि म्हंजे ऐका. ती बाई तुम्हाला ऐका म्हंतीय. कन्नडात केळ्याला बाळेहण्णु म्हंतात."

माझ्या हातातली पिशवी खाली गेली. "म्हणजे मला बाळे म्हटलं नाही?"

"केळं म्हटलं," अण्णा म्हणाले, आणि अक्कांना पुन्हा हसू फुटलं.

जरा शांत झाल्यावर ते म्हणाले, "आणखी एक सांगतो. केळि म्हंजे ऐका, आणि केळि म्हंजे विचारा पण. मागा पण. कन्नडात ते एकच आहे. बाई मानानं बोलतायत म्हणून केळि. लेकीला बोलल्या असत्या तर केळु म्हटलं असतं, आणि तुमची एवढी केळी वाचली असती."

मी हसले खरी, पण पोटात गोळा आला होता, तोही मुद्द्याएवढा. शिबिर अर्ध्याहून जास्त संपलं होतं. एक म्हातारी बाई मला रोज हात जोडल्यासारखं 'ऐका' म्हणत होती आणि मी तिला रोज फळं भरवत होते. शेवटच्या दिवशी पास्टर विचारणार, ही पुन्हा आलेली चालेल का? त्या काय सांगणार? गल्लीतल्या सगळ्यांची पोटं बिघडली आहेत, आता पुरे, एवढंच सांगतील. मला टांझानिया दूर दूर जाताना दिसू लागलं. अण्णांनी निघताना मला एकच शब्द शिकवला, केळ्तीनि. म्हणजे मी ऐकते.

रुमालाखाली

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातानं गेले. सुगुणम्मांनी दार उघडल्याबरोबर आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

"बाळेहण्णु?" त्यांनी विचारलं. त्यांना थोडं चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं असावं.

मी नाही म्हणून मान हलवली. कोपऱ्याकडे गेले, वाडगा उचलून खाली ठेवला, आणि त्यांच्याकडे वळून म्हणाले, "केळ्तीनि."

त्या पुढे आल्या. मग त्यांनी स्वतः क्रोशाचा रुमाल काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. खाली हार्मोनियम होती. इतके दिवस मी तिच्या डोक्यावर केळी रचत होते. सुगुणम्मा जमिनीवर बसल्या, भाता उघडला आणि वाजवायला लागल्या.

मला संगीतातलं काही कळत नाही. पण पहिल्या दोन ओळींतच मी ओळखलं, ती चाल माझी होती. आमच्या सौंसरच्या देवळात प्रत्येक ख्रिस्तजन्माला म्हणतात ती. शंभर वेळा मी तिच्यावर मराठी शब्द म्हटले आहेत. जर्मनीतून कधीतरी निघालेली ही चाल एका बाजूनं आमच्या संत्र्यांच्या गावात आली होती आणि दुसऱ्या बाजूनं या लाल फरशीच्या खोलीत. माझ्या तोंडात शब्द भरून आले. आणि मी, सौंसरची आकाशवाणी, ओठ मिटून बसले. मुद्दे चावताना गप्प बसले होते, पण तेव्हा इलाज नव्हता. या वेळी मी स्वतःहून गप्प होते. त्यांनी सगळं गीत वाजवलं, पुन्हा वाजवलं, मधेच एक सूर चुकला तर मागे गेल्या. खिडकीबाहेर कुणीतरी बाई थांबून ऐकत होती.

मग सुगुणम्मांनी भाता धरून ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हाडि."

माझा चेहरा उतरला. आपल्याकडे 'हाड' कुणाला म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. झालं, तिसरीला पण हाकललं, असं मनात म्हणत मी उठले. चपलांत पाय घालते तोच त्यांनी माझी ओढणी पकडली. "हाडि, हाडि," म्हणत त्यांनी मला परत खाली बसवलं आणि स्वतः एक ओळ गाऊन दाखवली, बारीक पण अगदी सरळ आवाजात. मग माझ्या हनुवटीला बोट लावलं. हाडि म्हणजे गा.

मी गायले. त्या कन्नडमध्ये गायल्या, मी मराठीत. शब्द एकमेकांत अडकत होते, पण शेवटची ओळ आली की दोघी एकाच ठिकाणी पोहोचत होतो. गीत संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि माझे तर वाहतच होते. मी इतक्या आनंदात क्वचितच रडले असेन.

त्यानंतर रोज तेच. त्या वाजवायच्या, मी ऐकायची, मग 'हाडि' म्हटलं की गायची. केळी मी तरीही नेतच होते, पण आता अर्धा डझन, आणि ती वाडग्यात जमिनीवर. मी इतकं ऐकायला लागले की मार्ता काळजीत पडली. "तू आजारी आहेस का?" तिनं विचारलं.

निरोपाची उपासना

शेवटच्या दिवशी आवारातलं छोटं देऊळ भरलं होतं. पाचही घरची माणसं पुढच्या बाकांवर बसणार होती. मारुती अण्णा आणि अक्का आपण शिवलेला पोशाख कसा दिसतो ते बघायला आले आणि मागे माझ्या शेजारी बसले. सुगुणम्मा येतील याची कुणालाच खात्री नव्हती. शेवटी एक रिक्षा दाराशी थांबली. त्या उतरल्या, आणि त्यांच्यामागून रिक्षावाल्यानं क्रोशाच्या रुमालातली हार्मोनियम उतरवली. देवळात कुजबुज झाली. वेदीजवळ नवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड होता. तो आल्यावर मंडळीनं सुगुणम्मांना सांगितलं होतं की आता तुम्ही विश्रांती घ्या. त्यानंतर त्या आल्या नव्हत्या. हे अण्णांनी तिथेच शेजारणीकडून ऐकून माझ्या कानात सांगितलं.

पास्टरांनी एकेका घरच्या माणसाला तो प्रश्न विचारला. दोघांनी लगेच हो, हो म्हटलं, दोघं जरा अडखळले. पास्टर सुगुणम्मांसमोर आले. त्यांनी विचारलं, ही मुलगी पुन्हा घरी आलेली चालेल का?

सुगुणम्मा उठून उभ्या राहिल्या. अण्णा माझ्या कानाशी लागून सांगत होते. "म्हंतायत, मी हिला ऐका म्हटलं, हिनं केळी आणली. पुन्हा ऐका म्हटलं, पुन्हा केळी. माझ्या घरात इतकी केळी कधी आली नव्हती." लोक हसायला लागले. पास्टरसुद्धा. सुगुणम्मा हसल्या नाहीत. पास्टरांकडे बघत त्यांनी दोन शब्द म्हटले ते मला अण्णांशिवायही थोडे कळले. "यारादरू केळिद्रा?"

"कोणी विचारलं का?" अण्णा हळूच म्हणाले. "म्हंतायत, विश्रांती घ्या सांगायला सगळे आले. प्रवचन द्यायला दोघं आले. वाजवता का म्हणून कोणी विचारलं? हिनं विचारलं. उशिरा विचारलं, पण विचारलं. ही रोज आलेली चालेल."

देवसहायम पास्टरांनी मान खाली घातली. मग त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांसमोर, सावकाश, सुगुणम्मांना विचारलं, आज तुम्ही वाजवाल का? कीबोर्डवाल्यानं आपणहून वायर काढली. सुगुणम्मांनी रुमालाची घडी घातली, खाली बसल्या, आणि सबंध देऊळ कन्नड, तमिळ, मराठी आणि मार्ताच्या फिनिशमध्ये एकच चाल गायला लागलं. मार्ता इतक्या मोठ्यानं गाऊ शकते हे मला माहीत नव्हतं.

नावं जाहीर झाली. तिसरं नाव माझं होतं. पास्टरांनी मला जवळ बोलावून ठिकाण सांगितलं, किलिमांजारो डोंगराच्या उतारावरची शाळा. मग म्हणाले, "तिथले लोक सकाळ-संध्याकाळ काय खातात ठाऊक आहे?" त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच मला कळलं. कच्ची, पिकलेली, उकडलेली, मटणात घातलेली, डोंगरभर केळीच केळी. मी देवळातच खाली बसून हसले.

स्टेशनवर

निघायच्या दिवशी मार्ता, अण्णा, अक्का सगळे आले होते. अक्कांनी भाकऱ्या बांधून दिल्या, मार्तानं मला मिठी मारली आणि त्या दिवसाची तिची दहाही वाक्यं एकदम बोलून टाकली. सुगुणम्मा थोड्या मागे उभ्या होत्या. गाडी हलायच्या आधी त्या खिडकीशी आल्या आणि छोट्या वेलदोड्याच्या वासाच्या केळ्यांचा घड आत सरकवला.

"केळी," त्या म्हणाल्या. शेवटचा स्वर ओढून, अगदी मराठी. त्यांनी माझ्याकडून शिकलेला तो एकमेव शब्द होता.

मग त्यांनी खिडकीच्या गजावरच्या माझ्या हातावर हात ठेवला. मी वाट पाहत होते की आता त्या नेहमीसारखं मानानं 'केळि' म्हणतील.

"केळु," सुगुणम्मा म्हणाल्या. लेकीला म्हणतात तसं. ऐक.

"केळ्तीनि," मी म्हणाले, आणि गाडी सुटेपर्यंत दुसरं काही बोलले नाही.